कॉम्प्युटरचा स्पीड वाढवतो म्हटलं

शुक्रवारी दुपारी चार वाजेपर्यंत नीलिमाचा थिसिस विद्यापीठात जमा व्हायचा होता, आणि बुधवारी सकाळी मी आमच्या कॉम्प्युटरचं पोट उघडलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध यायला नको होता. तो मी आणला.

आधी नीलिमाबद्दल सांगतो; माझ्याबद्दल जे कळायचं ते पुढे कळेलच. माझी बायको शाळेत भूगोल शिकवते. शाळा, स्वयंपाक आणि मी असा तिहेरी भार सांभाळत गेली नऊ वर्षं ती रायपूरच्या बुजलेल्या तलावांवर पीएच.डी. करत होती. आज जिथे गोडाऊन आहे, लग्नाचं लॉन आहे, तिथे आधी पाणी होतं का, हे ती म्हाताऱ्या माणसांना दारोदार जाऊन विचारायची. तेही मे महिन्यात, कारण सुट्टी तेव्हाच. तिचे गाइड शेखर सर महिनाअखेर रिटायर होणार होते. शुक्रवार हुकला तर नवा गाइड, नवी समिती, आणि नव्या गाइडला तलाव आवडले नाहीत तर नवा विषय.

एवढं सगळं ज्या कॉम्प्युटरवर अवलंबून होतं, तो सुरू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा. मी मोजली आहेत. नकाशा उघडायला सांगितलं की पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहायचं, आणि नीलिमाच्या कपाळावरची शीर हळूहळू वर यायची. मला ते बघवेना. मी जलसंसाधन खात्यात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, आहे. आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिक मी काढलं होतं, आणि तेव्हापासून या विषयातला जाणकार म्हणून माझ्याकडे पाहिलं जातं.

सोमवारी डबा खाताना मी विषय काढला. समोर शिशिर बसला होता. आमच्याच समाजाचा, नागपूरकडचा पोट्टा, मराठी सगळी कळते पण उत्तर हिंदीतच देतो. म्हणाला, "वासनिक साहब, पुरानी हार्ड डिस्क निकालो, एसएसडी डालो. हार्ड डिस्क में थाली घूमती है, उस पर सुई चलती है, तब जाके फाइल मिलती है. एसएसडी में कुछ घूमता ही नहीं. सीधा मिलता है."

संध्याकाळी हेच मी शेजारच्या नरहरकाकांना सांगितलं. नरहरकाका म्हणजे बूढापाऱ्यात पिढ्यान्पिढ्या राहिलेले मराठी गृहस्थ. पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांचा आहे आणि आम्ही सगळे तिथे पाहुणे आहोत, असं त्यांचं वागणं असतं.

"काही फिरतच नाही?" काका म्हणाले. "मग चालू आहे की बंद आहे, हे कळणार कसं?"

"काका, ती चिप आहे. मोबाइलमध्ये असते तशी."

"मोबाइल दोन वर्षांत फेकतोस ना? आणि मी ऐकलंय, त्या एसएसडीवर लिहून लिहून ती झिजते. तुझ्या बायकोचं केवढं लिखाण! मोठी हार्ड डिस्क घे, चौपट जागेची. जागा कधी वाया जात नाही."

रात्रभर मी एका कुशीवर एसएसडी आणि दुसऱ्या कुशीवर हार्ड डिस्क असा झोपलो. मंगळवारी नीलिमाला सांगितलं.

"शुक्रवार होऊ द्या," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "मग कॉम्प्युटर काय, घराची भिंत पाडा."

"काहून? दोन तासांचं काम आहे."

"तुमचे दोन तास मले माहीत आहेत."

विषय तिथे संपला, असं तिला वाटलं. पण बुधवारी तिला शाळेच्या ट्रेनिंगला दुर्गला जायचं होतं, संध्याकाळी पाचला परत. मी गुपचूप कॅज्युअल लीव्ह टाकली. ती येईल, दमून खुर्चीत बसेल, बटण दाबेल आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पडदा उजळेल. मग ती मान वळवून माझ्याकडे बघेल. खरं सांगतो, हे सगळं मी त्या एका बघण्यासाठी केलं.

*

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रीनाचं कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे. तिशीची, घरची मराठीच, पण काउंटरवर बसली की हिंदी. तिने मला दोन मिनिटांत एसएसडी दिली आणि मग नको ते प्रश्न विचारायला लागली.

"भैया, पुरानी डिस्क कितने साल की है?"

"दहा."

"आवाज़ करती है?"

"कॉम्प्युटर आहे. आवाज तर करणारच."

"बैकअप है?"

"आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं. एका पेन ड्राइव्हवर दिवाळीतली कॉपी होती. दिवाळी होऊन पाच महिने झाले होते आणि शेखर सरांनी सुचवलेली प्रत्येक सुधारणा त्यानंतरची होती, एवढाच तपशील मी दिला नाही.

"मेरे पास छोड़ दो ना. कल कर दूँगी."

"नको, मीच करतो. सगळी हार्ड डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायची, बस ना? व्हिडिओ पाहिला आहे मी."

"तो पहले ज़रूरी फोल्डर अलग कॉपी कर लेना. क्लोन उसके बाद. पक्का?"

अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे बघून मी ऑफिसात जशी मान हलवतो, तशी मान मी हलवली. आमच्या खात्यात त्या मान हलवण्यातून पुढे काहीच होत नाही.

अकरा वाजता मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत दहा वर्षांची धूळ होती आणि एक वाळलेली पाल. नरहरकाका न बोलावता टॉर्च घेऊन आले आणि माझ्या डोळ्यांवर उजेड पाडत उभे राहिले. चार स्क्रू काढले, एक सोफ्याखाली गेला, तारा जोडल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, एसएसडी दिसली. काका म्हणाले, "छान!" आणि त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. फोल्डर वेगळा काढायची गरजच वाटेना. जे सगळंच्या सगळं जाणार आहे, त्यातलं थोडं आधी कशाला न्यायचं? मी क्लोनचं बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. बाकी वेळ, एक तास पन्नास मिनिटं. काकांनी घरून खुर्ची आणली.

एकतीस टक्क्यांवर आतून आवाज आला. टक.

"ऐकलंस?" काका म्हणाले.

"नवीन आहे. बसून राहिली असेल जागेवर."

टक. टक. आवाज नव्या डिस्कचा नव्हता. नव्यात फिरणारं काही नसतं, हे मीच काकांना समजावलं होतं. बाकी वेळ चार तास झाला. मग एकोणीस तास. मग तिथला आकडाच गेला आणि 'हिशेब चालू आहे' असं येऊन थांबलं. चाळीस टक्के. टक. टक. टक.

तेवढ्यात नीलिमाचा फोन.

"जेवले काय?"

"हो. म्हणजे जेवून राहिलो."

"ऐका, पाचला आल्यावर मी लगेच बसते. साडेचारलाच कॉम्प्युटर चालू करून ठेवा. अन् तो टकटक आवाज कसला येऊन राहिला?"

"घड्याळाचा."

"आपलं घड्याळ तर बंद आहे."

"चालू केलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझ्या लग्नाचं आयुष्य किती टक्क्यांवर आहे, ते त्यांना दिसत असावं.

मग मी ती गोष्ट केली जी करायची नसते. पडदा गोठला म्हणून मेन स्विच बंद केला आणि पुन्हा चालू केला. कॉम्प्युटर उठला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत म्हणाला, डिस्क सापडत नाही.

मी जमिनीवर बसलो. नऊ वर्षं. उन्हात फिरलेली नऊ वर्षं, आणि मी घरात पंख्याखाली बसून अडीच तासांत.

"हलकीशी थाप मारून पाहू?" डिस्क सोडवून हातात घेत काका म्हणाले. मी डिस्क त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावली. समोरच्या गॅलरीतून कलावतीबाईंनी विचारलं, काय झालं? काकांनी सांगितलं. त्या ओरडून म्हणाल्या, "मेरा मोबाइल पानी में गिरा था तो चावल के डिब्बे में रखा था. ठीक हो गया!"

*

डिस्क नीलिमाच्या नव्या टॉवेलात गुंडाळून मी काकांच्या स्कूटरवर मागे बसलो. एरवी चालत तीन मिनिटांचा रस्ता. पण चालताना डिस्क पडली तर, या भीतीने मी स्कूटरवर बसलो, जिथे ती पडण्याची शक्यता जास्त होती. गल्लीत नालीचं काम चालू होतं. प्रत्येक खड्ड्याला मी ती छातीशी धरून वर उचलत होतो. एका दुकानदाराने विचारलं, "काका, बच्चा किसका है?"

रीनाने डिस्क तिच्या मशीनला जोडली, वाकून कान लावला आणि लगेच बंद केली.

"फोल्डर अलग निकाला था?"

मी टॉवेलाची घडी घालायला लागलो.

"भैया, आपका कंप्यूटर स्लो नहीं था. डिस्क मर रही थी. उसी हालत में आपने उससे एक-एक कोना पढ़वा लिया."

"येईल ना परत?"

"पता नहीं. जितनी बार चालू करूँगी, उतनी घिसेगी. दो-तीन बार चलेगी शायद. पूरी डिस्क का नाम मत लो, सिर्फ दीदी का फोल्डर उठाऊँगी. नाम बताओ."

मी तोंड उघडलं. नाव मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी त्या खुर्चीमागून चहाचा कप ठेवत होतो, पडद्याकडे बघत होतो, स्पीडबद्दल मत देत होतो. ती काय उघडते, हे कधी वाचलं नव्हतं.

"थिसिस असेल," काका म्हणाले.

"अंदाज से नहीं होगा," रीना म्हणाली. "ढूँढने में ही डिस्क चली जाएगी. दीदी को फोन लगाओ."

मी दुकानाबाहेर आलो. समोर पाणीपुरीच्या ठेल्याचा माणूस बटाटे सोलत होता. आयुष्यात एवढा हेवा मला कुणाचाच वाटला नव्हता.

"नीलिमा, तुझ्या फोल्डरचं नाव काय आहे?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "काहून?"

"असंच."

"उघडला काय तुम्ही तो कॉम्प्युटर?"

"हो."

"अन् ते घड्याळ?"

"घड्याळ बंदच आहे," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "कुठे आहात?" मी सांगितलं. "फोल्डरचं नाव पाणी. रीनाले सांगा, मराठीत लिहिलं आहे. मी निघते."

साडेचारला ती आली तेव्हा रीनाने पहिल्या प्रयत्नात तीन प्रकरणं आणि सगळे नकाशे बाहेर काढले होते, आणि डिस्क पुन्हा रुसली होती. नीलिमा स्टुलावर बसली. पर्स मांडीवर ठेवली. मी तिथे नव्हतोच, असं समजून रीनाशी बोलू लागली.

"किती राहिलं?"

"चार चैप्टर, दीदी. डिस्क को थोड़ा ठंडा होने देते हैं."

अर्धा तास आम्ही चौघे एका लोखंडी डबीकडे बघत बसलो. गिऱ्हाइकं येऊन परत जात होती. काका एकदा म्हणाले, "मी आधीच म्हटलं होतं, मोठी हार्ड..." नीलिमाने नुसतं वर पाहिलं आणि काका पाणी प्यायला बाहेर गेले.

दुसऱ्या प्रयत्नात चौथं प्रकरण आलं. सहावं आलं. सातवंही आलं. पाचव्यावर टकटक सुरू झाली. रीनाने तिसऱ्यांदा चालू केली. एकच टक, मग काहीच नाही. तिने हात मांडीवर ठेवले.

"पाचवां गया, दीदी. बड़ी लैब में भेजो तो शायद निकले. पंद्रह दिन."

"परवा द्यायचा आहे," नीलिमा मराठीतच म्हणाली.

रीना माझ्याकडे वळली. तिला माझी दया आली असावी. "वैसे ये डिस्क जाने ही वाली थी. आज नहीं तो कल, दीदी के हाथ में जाती."

मला एवढा धीर आला की मी हसून नीलिमाकडे पाहिलं. "ऐकलं? जाणारच होती."

"मग काय करू? आभार मानू?"

मी हसणं आवरलं. मग ती पर्सच्या बंदाशी चाळा करत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "पाचवं प्रकरण मुलाखतींचं. ते दिवाळीनंतरच लिहिलं, पेन ड्राइव्हवर नाही. शेखर सरांनी लाल शाईने तपासून परत दिलेला छापील गठ्ठा घरी आहे. अडतीस पानं. टाइप केलं तर..." आणि त्या दुपारी पहिल्यांदाच तिने माझ्याकडे पाहिलं. मी ज्या बघण्याची वाट पाहत होतो, ते हे नव्हतं. "वाचून कोण दाखवील?"

"मी," मी म्हणालो.

*

रीनाने त्याच संध्याकाळी एसएसडीवर नवी सिस्टिम टाकून दिली. गुरुवारी सकाळी नीलिमाने बटण दाबलं आणि नऊ सेकंदांत पडदा उजळला. तिने मान वळवली नाही; पाचव्या प्रकरणासाठी कोरं पान उघडलं. मी गठ्ठ्यातलं पहिलं पान हातात घेतलं.

मी वाचत गेलो, ती टाइप करत गेली. पहिल्यांदाच मी तिचं काम वाचत होतो. एका आजीने तिला सांगितलं होतं की लग्न होऊन आली तेव्हा ओट्यावरून हात घातला की पाणी लागायचं, आणि आता त्याच जागी टँकर उभा राहतो. मी तिथे थांबलो.

"काय झालं? लाल शाई वाचता येऊन नाही राहिली?"

"येऊन राहिली," मी म्हणालो आणि पुढे वाचलं.

दुपारी नरहरकाका आले. ताळा करायला मदत करतो म्हणाले आणि एकोणतिसाव्या पानावर त्यांना स्वतःचीच मुलाखत सापडली. "माहितीदाता, वय अठ्ठ्याहत्तर? मी तेव्हा शहात्तर होतो!"

"काका, तुम्हीच सांगितलं होतं," नीलिमा म्हणाली.

"चुकून सांगितलं असेल. छापून येणार आहे, दुरुस्त कर." यात पंधरा मिनिटं गेली. काका शहात्तर झाल्याशिवाय पान उलटू देईनात, आणि नीलिमा पुराव्याशिवाय आकडा बदलेना. शेवटी त्यांनी घरून आधार कार्ड आणलं. त्यावरून ते मुलाखतीच्या दिवशी एकोणऐंशीचे निघाले. काकांनी पुढची नऊ पानं अतिशय काळजीपूर्वक तपासली आणि दोन खऱ्या चुका काढून दिल्या.

शुक्रवारी चार प्रती बांधून आम्ही अडीच वाजता विद्यापीठाच्या खिडकीशी पोचलो. माझ्या मनात विजयाची एक छोटीशी मिरवणूक निघालेली. खिडकीतल्या बाबूने प्रती मोजल्या, सह्या पाहिल्या आणि हात पुढे केला.

"सी.डी.?"

नीलिमाने पेन ड्राइव्ह ठेवला. त्याने तो बोटाने परत ढकलला. "पेन ड्राइव नहीं चलेगा. नियम में सी.डी. लिखा है."

"भैया, सूचना में तो सॉफ्ट कॉपी लिखा है," ती म्हणाली.

"सॉफ्ट कॉपी मतलब सी.डी."

मी पुढे सरसावलो. "देखिए, मैं खुद बड़े बाबू हूँ. आज के ज़माने में सी.डी. कौन..."

"तो आप तो जानते होंगे," तो शांतपणे म्हणाला, "नियम मतलब नियम."

हेच वाक्य मी वीस वर्षं खिडकीच्या आतून बोलत आलो होतो.

नीलिमा रांगेत थांबली. मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि काकांकडून मागून आणलेली स्कूटर काढली. रीनाला फोन केला तर ती म्हणाली, "सी.डी. राइटर? भैया, कबाड़ में पड़ा है. आप आओ, मैं ढूँढती हूँ." रस्त्यात एक लग्नाची घोडी आडवी आली, एक सिग्नल लाल राहिला तो राहिलाच. दुकानात पोचलो तेव्हा रीनाने धुळीने माखलेला राइटर जोडून ठेवला होता आणि कोऱ्या सीड्या तीनच होत्या. पहिली अर्ध्यात थांबली. दुसरी लिहून झाली पण उघडेना. तिसरी फिरायला लागली आणि मी डोळे मिटले. दोन दिवसांपूर्वी फिरणाऱ्या चकतीला नावं ठेवणारा मी, मनातल्या मनात तिला म्हणत होतो, फिर गं बाई, फिर.

"हो गया," रीना म्हणाली. तिने ती उघडून दाखवली. सात प्रकरणं, नकाशे, सगळं. मी पैसे काढले तर म्हणाली, "बाद में. भागो."

तीन बावन्नला मी खिडकीशी होतो. सीडी शर्टाच्या आत, घामाने पोटाला चिकटलेली. बाबूने ती कडेने धरून पाहिली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

"देखेंगे नहीं?" मी विचारलं.

"हमारे कंप्यूटर में सी.डी. चलती ही नहीं." तो पावती काढायला वळला. त्याने क्लिक केलं. पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं.

तीन पंचावन्न. चक्र फिरतंय. नीलिमाने माझं मनगट धरलं. तीन सत्तावन्न. बाबूने माउस आपटला. मला त्या डब्याच्या आत काय चाललंय ते सगळं दिसत होतं, थाळी, सुई, दहा वर्षांची धूळ, आणि मी एक शब्दही बोललो नाही. तीन एकोणसाठला कुठूनतरी प्रिंटर खाकरला आणि पावती बाहेर आली. नीलिमाने ती दोन्ही हातांनी घेतली, तारीख वाचली, वेळ वाचली, आणि तिचे डोळे भरून आले.

बाबूने घाम पुसला. जरा ओशाळून, पहिल्यांदाच माणसासारखं हसून तो मला म्हणाला, "बहुत स्लो हो गया है, साहब. आप बता रहे थे ना, आप भी बड़े बाबू हैं, जानकार होंगे. इसमें नई हार्ड डिस्क डलवाएँ कि एसएसडी?"

माझी छाती आपोआप पुढे आली. तोंड उघडलं.

"भैया, इनसे मत पूछिए," नीलिमा म्हणाली. "पहले सबका सब दूसरी जगह कॉपी कर लीजिए. आज ही. फिर किसी सीखे हुए आदमी को बुलाइए."

मला राग यायला हवा होता. पण ती अजून माझं मनगट धरून होती, आणि तिथून बाहेर पडेपर्यंत तिने ते सोडलं नाही.